स्वारगेट ते कात्रज: खोदण्याआधीची मेट्रो

(दृश्य: स्वारगेट भुयारी स्थानक. फलाटाचं दक्षिणेकडचं टोक.)

29 सप्टेंबर 2024. या दिवशी पुणे मेट्रोच्या दोन बातम्या एकाच कार्यक्रमातून आल्या. जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा भुयारी मार्ग सुरू झाला आणि स्वारगेट ते कात्रज या विस्ताराची पायाभरणी झाली. पहिल्या बातमीचे फोटो सगळीकडे झळकले. दुसरी चार ओळींत आटोपली. आपण बोलणार आहोत त्या चार ओळींबद्दल.

लांबी 5.46 किलोमीटर. संपूर्ण भुयारी. खर्च 2,954 कोटी 53 लाख रुपये. पूर्ण करायची मुदत फेब्रुवारी 2029. केंद्रीय मंत्रिमंडळानं 16 ऑगस्ट 2024 रोजी मंजुरी दिली तेव्हा स्थानकं होती तीन: मार्केट यार्ड, पद्मावती आणि कात्रज.

तीन. सातारा रस्त्यानं रोज ये-जा करणाऱ्या माणसाला हा आकडा ऐकताच खटकतो. बिबवेवाडी, सहकारनगर, धनकवडी, बालाजीनगर, भारती विद्यापीठ, आंबेगाव... एवढी वस्ती आणि सरासरी जवळजवळ दोन किलोमीटरनं एक स्थानक. धनकवडीतल्या आजींनी उन्हातून एक किलोमीटर चालत जाऊन मेट्रो पकडावी, असं यातून गृहीत धरलं गेलं होतं.

(दृश्य: सातारा रस्ता, सकाळची गर्दी. धनकवडीचा उड्डाणपूल.)

हा रस्ता प्रयोगांना नवखा नाही. डिसेंबर 2006 मध्ये देशातली पहिली बीआरटी, म्हणजे वेगळ्या मार्गिकेतून धावणारी जलद बससेवा, याच रस्त्यावर सुरू झाली, कात्रज-स्वारगेट-हडपसर. बससाठी रस्त्याच्या मधोमध वेगळी मार्गिका आखली आणि थांबेही मधोमधच ठेवले. कल्पना चांगली होती. पण थांब्यापर्यंत पोचण्यासाठी भरधाव वाहनांमधून रस्ता ओलांडावा लागे, आणि त्याची सोय आधी झालेली नव्हती. पुढे तोच रस्ता पुन्हा उकरून, पुन्हा पैसे घालून दुरुस्त करावा लागला. प्रवासी बसमध्ये बसल्यावर काय होतं याचा विचार झाला होता. तो थांब्यापर्यंत येतो कसा, याचा पुरेसा झाला नव्हता.

आता त्याच रस्त्याखालून मेट्रो जाणार आहे.

खालूनच का? आधी स्वारगेटचं स्थानक जमिनीखाली खोल आहे. तिथून गाडी वर आणून खांबांवर चढवायची, तर चढासाठी लांबच लांब जागा लागते, आणि स्वारगेटच्या परिसरात ती मिळणं कठीण. पुढे सातारा रस्त्यावर उड्डाणपूल उभे आहेत. पण भुयाराची किंमत काय असते, ते याच मार्गाच्या दुसऱ्या टोकाला बघा. पिंपरी-चिंचवड महापालिकेपासून निगडीपर्यंतचा विस्तार खांबांवरून जातो. लांबी सुमारे 4.4 किलोमीटर, मंजूर खर्च 910 कोटी. म्हणजे किलोमीटरला दोनशे कोटींच्या थोडं वर. कात्रजकडे हाच हिशेब किलोमीटरला 540 कोटींच्या घरात जातो. एकाच मार्गाची दोन टोकं, आणि किलोमीटरमागे अडीचपटीहून जास्त फरक. स्थानकं तीनच का ठेवली, याचं एक उत्तर इथं मिळतं. भुयारी मार्गात सर्वांत महाग पडतं ते स्थानक. बोगदा यंत्रानं पोखरता येतो. स्थानकासाठी मात्र सहसा रस्ता वरून उघडावा लागतो, वाहतूक वळवावी लागते, आणि एखादी इमारत मावेल एवढा खड्डा खणून तो पुन्हा झाकावा लागतो.

(दृश्य: नकाशा. कागदावरून फिरणारं बोट.)

मेट्रोचा मार्ग ठरतो कसा, हे एकदा नीट समजून घेऊ. आधी शहराचा सर्वंकष वाहतूक आराखडा. मग पर्यायांची तुलना: इथं बस पुरेल का, ट्राम चालेल का, की मेट्रोच हवी? केंद्राच्या 2017 च्या मेट्रो धोरणानं ही तुलना सक्तीची केली आहे. समाजाला होणारा आर्थिक लाभ, म्हणजे वाचलेला वेळ, इंधन, टळलेले अपघात, हे सगळं धरून परतावा किमान 14 टक्के दिसला पाहिजे, अशीही अट आहे. स्थानकाभोवतीच्या पाच किलोमीटरच्या टापूत पूरक बस, पायवाटा, सायकलची सोय कशी करणार, तेही लिहून द्यावं लागतं. या सगळ्यातून तयार होतो सविस्तर प्रकल्प अहवाल, म्हणजे डीपीआर. तो महापालिकेत जातो, राज्य मंत्रिमंडळात जातो, दिल्लीत नगरविकास मंत्रालयाकडे जातो, सार्वजनिक गुंतवणूक मंडळापुढे जातो आणि शेवटी केंद्रीय मंत्रिमंडळाच्या टेबलावर येतो.

प्रत्येक टेबलावर वेळ जातो. पुण्याच्या पहिल्या टप्प्याचा अहवाल दिल्ली मेट्रोनं 2009 मध्ये दिला. केंद्राची अंतिम मंजुरी आली डिसेंबर 2016 मध्ये. पहिली गाडी धावली 6 मार्च 2022 ला.

एवढ्या पायऱ्या चढून आलेल्या कागदात बदल करायचा म्हटलं की सगळ्यांच्या अंगावर काटा येतो. स्थानक वाढवलं की खर्च वाढतो, खर्च वाढला की परताव्याचं गणित बदलतं, आणि फाइल पुन्हा खालपासून चढायला लागते. त्यामुळे "आधी मंजुरी घेऊ, स्थानकांचं नंतर पाहू" असं म्हणायचा मोह प्रत्येक शहरात होतो. माझ्या मते सगळ्यात महागडं वाक्य तेच आहे.

कात्रजच्या बाबतीत घडलंही तसंच. बालाजीनगरला स्थानक हवं, ही मागणी जोर धरत गेली. शेवटी सप्टेंबर 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळानं बालाजीनगर आणि बिबवेवाडी या दोन नव्या भुयारी स्थानकांना मान्यता दिली, आणि कात्रजचं स्थानक सुमारे 421 मीटर दक्षिणेला सरकवायचं ठरलं. वाढीव खर्च 683 कोटी. निर्णय शंभर टक्के बरोबर आहे. आता सरासरी सव्वा किलोमीटरच्या आत एक स्थानक येईल. पण केंद्राची मंजुरी आणि हा निर्णय यांच्यात वर्षाहून जास्त काळ गेला. बालाजीनगरची वस्ती काही त्या वर्षात उगवलेली नाही. अहवाल लिहिला जात होता तेव्हाही ती तिथंच होती, भारती विद्यापीठाचे हजारो विद्यार्थीही तिथंच होते.

आणि भुयारात स्थानक वाढवणं म्हणजे बस थांब्याचा खांब रोवणं नव्हे. फलाटाच्या लांबीएवढा मार्ग सरळ आणि जवळजवळ सपाट लागतो. म्हणजे बोगद्याचा चढ-उतार नव्यानं आखायचा. सातारा रस्ता तर कात्रजच्या घाटाकडे चढतच जातो. हवा खेळती ठेवायची यंत्रणा, आगीच्या वेळी धूर बाहेर काढायची सोय, वीज, सिग्नल, सगळ्याचं गणित पुन्हा मांडायचं.

(दृश्य: दगडी बांधणीचा जुना नळ. शेजारी बांधकामाचे पत्रे.)

जमिनीखाली काय आहे, हा कंत्राटातला सर्वांत नाजूक प्रश्न.

कात्रजच्या खाली पुण्याचं जुनं पाणी आहे. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावापासून शनिवारवाड्यापर्यंत दगडी नळ बांधला गेला. पंप नाही, इंजिन नाही. जमिनीच्या उतारावर भरवसा ठेवून पाणी शहरात आणलं आणि ते हौदाहौदांत सोडलं. नळात हवा खेळती राहावी म्हणून जागोजागी बांधलेले उसासे आजही काही ठिकाणी दिसतात. मला हा नळ पुण्याच्या अभियांत्रिकीचा मोठा मानबिंदू वाटतो. मेट्रोचा बोगदा त्याच्या खूप खालून जाईल, त्यामुळे बोगद्याची फारशी भीती नाही. जपायचं आहे ते स्थानकांच्या खड्ड्यांना आणि जिन्यांच्या वाटांना, कारण ते वरून खाली जातात. 2019 मध्ये स्वारगेटलाच मेट्रोसाठी खोदताना पाण्याचं एक जुनं विटांचं भुयार सापडलं होतं. म्हणजे अशा गोष्टी इथं निघतात, हे आपल्याला आधीपासून माहीत आहे. मग त्या कंत्राटाच्या कागदांत नकाशासकट असायला हव्यात.

त्याच्या खाली काळा पाषाण. पहिल्या टप्प्यात मुठा, मुळा आणि पवना अशी नावं दिलेल्या यंत्रांनी याच दगडातून, नदीच्या पात्राखालून आणि जुन्या पेठांखालून वाट काढली. टाटा आणि तुर्कीची गुलेरमाक यांच्या संयुक्त कंपनीनं ते काम केलं, आणि जून 2022 मध्ये खोदाई संपली. दख्खनचा पाषाण दिसायला एकजीव, पण त्याच्या थरांमध्ये मुरूम असतो, भेगा असतात, कुठं तांबड्या मातीचा पट्टा लागतो. कंत्राटदार भाव लावतो तो बोअर घेऊन काढलेल्या नमुन्यांवरून. दोन बोअरच्या मधे काय आहे, ते यंत्र तिथं पोचल्यावरच कळतं.

तिथं अनपेक्षित काही निघालं तर पैसे कुणी सोसायचे?

सगळा धोका कंत्राटदाराच्या गळ्यात घातला, तर शहाणा कंत्राटदार देकारातच, म्हणजे भरलेल्या भावातच, भरपूर रक्कम धरून ठेवतो. घाईतला कमी भाव भरतो, काम मिळवतो आणि मग लवादाकडे जातो. सगळा धोका मेट्रो कंपनीनं घेतला, तर प्रत्येक भेगेचं बिल येतं. मधला रस्ता असा की निविदेसोबतच एक आधाररेषा लिहून द्यायची: इतका कठीण दगड, इतकं पाणी, इतक्या भेगा धरून भाव लावा. प्रत्यक्ष जमीन याहून वाईट निघाली तर जादा पैसे आम्ही देऊ, याच्या आत असेल तर तुमचं तुम्ही बघा. भुयारी कामांसाठी 2019 मध्ये निघालेल्या आंतरराष्ट्रीय नमुना करारात हीच पद्धत आहे. ती सरळ आहे, आणि भांडण आधीच कागदावर मिटवते.

देकार दोन पाकिटांत येतात. पहिल्यात अनुभव, यंत्रं, माणसं, बयाणा. त्यात जो उत्तीर्ण होईल त्याचंच भावाचं पाकीट उघडतं, आणि सहसा सर्वांत कमी भाव भरणाऱ्याला काम मिळतं. भुयारी कामात रचना आणि बांधकाम बहुधा एकाच कंपनीकडे सोपवतात. त्यामुळे कागदात जे स्पष्ट लिहिलेलं नाही, ते कमीत कमी खर्चात उरकायचा दबाव येतोच. जिना दोन्ही पदपथांवर उतरावा असं लिहिलं नसेल, तर तो एकाच बाजूला उतरेल. लिफ्ट रस्त्याच्या पातळीला यावी असं लिहिलं नसेल, तर चाकाच्या खुर्चीपुढे चार पायऱ्या येतील.

(दृश्य: आंबिल ओढा. पुलाखालचं पाणी.)

एक गोष्ट मात्र कुठल्याही परिस्थितीत राहून जाता कामा नये. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला. कात्रजकडून आलेल्या पाण्यानं सहकारनगर, अरण्येश्वर या भागात भिंती पाडल्या, गाड्या वाहून नेल्या, माणसं नेली. या पाण्याच्या वाटेच्या आसपास आता भुयारी स्थानकं होणार आहेत. जिन्याचं तोंड रस्त्यापासून किती उंच असेल, दारात पाणी अडवणारी फळी असेल का, पंप किती क्षमतेचे असतील, हे त्या रात्रीची पातळी मोजूनच ठरलं पाहिजे. त्याहून कमी काही मान्य होऊ नये.

मार्केट यार्डचंही असंच. हमाल, तोलणार, गावाकडून माल घेऊन येणारे शेतकरी यांचा दिवस पहाटेच्या अंधारात सुरू होतो. मेट्रोची पहिली फेरी सकाळी 6 ला निघते, तोवर बाजार अर्धा उरकलेला असतो. ज्यांच्या नावाचं स्थानक, त्यांच्यासाठी गाडी असावी. वेळापत्रक पुढे बदलता येईल, पण पहाटे गाडी सोडायची तर रूळ आणि तारा तपासायला रात्री उरणारा वेळ आणखी कमी होतो, आणि तो हिशेबही आत्ताच मांडावा लागेल.

(दृश्य: वाघोली रस्ता. चांदणी चौक. सिंहगड रस्ता.)

विस्तार पुढेही येत आहेत. वनाज ते चांदणी चौक आणि रामवाडी ते वाघोली, एकूण 12.75 किलोमीटर आणि 13 स्थानकं, यांना केंद्रानं 25 जून 2025 ला मंजुरी दिली. नोव्हेंबर 2025 मध्ये खराडी-हडपसर-स्वारगेट-खडकवासला हा मार्ग आणि नळ स्टॉप-वारजे-माणिकबाग ही उपशाखा मंजूर झाली. या मार्गांवर काम जिथं अजून कागदावर आहे, तिथं जिना कुठं उतरेल, बस कुठं थांबेल, रिक्षा कुठं वळेल, हे खोडरबरानं बदलता येतं.

म्हणून पुणे मेट्रो बांधणाऱ्या महामेट्रो कंपनीकडे आणि पुणे व पिंपरी-चिंचवड या दोन्ही महापालिकांकडे एक मागणी आहे. प्रत्येक स्थानकाचा आराखडा, जिने, लिफ्ट, पदपथ आणि पुराची पातळी दाखवून, निविदा उघडण्याआधी त्या-त्या क्षेत्रीय कार्यालयात मराठीत लावा. सूचनांसाठी तीस दिवस द्या, आणि आलेल्या प्रत्येक सूचनेला लेखी उत्तर द्या.