हॉपरचं छप्पर

टेबलावरची मॉडेल मालगाडी आपण वरून बघतो. खऱ्या गाडीचं छप्पर बघायला पादचारी पूल चढावा लागतो, इथे आधी तेच डोळ्यांत भरतं. अमेरिकन कव्हर्ड हॉपर, म्हणजे वरून भरायचा आणि खालून रिकामा करायचा झाकणबंद डबा. याचं मॉडेल करताना चूक उघडी पडते तीही छपरावरच.

हा बुटका डबा पुलमन-स्टँडर्ड या डबे बनवणाऱ्या कंपनीचा पीएस-२. १९५०च्या दशकातला, २,००३ घनफुटांचा. वर गोल झाकणं, पोटाखाली दोन कप्पे. एवढासाच का? तर यातून सिमेंट जायचं. ते इतकं जड, की एवढ्या जागेतच ७० टनांची मर्यादा गाठते.

आणि गहू? आपल्याकडे धान्य म्हटलं की मालधक्का, पोती आणि हमाल. तिकडे गहू सुटाच भरत, पण साध्या ४० फुटी बॉक्सकारमध्ये, म्हणजे बाजूला दार असलेल्या बंद डब्यात. दाराला आतून फळ्या ठोकायच्या, वरच्या मोकळ्या जागेतून धान्याची धार सोडायची. उतरवताना फावडी. वाटेत फटींतून सांडायचं ते वेगळंच. तेव्हा १९५० सालच्या एलेव्हेटरपुढे, म्हणजे धान्याच्या उंच कोठारापुढे, लांबलचक हॉपर उभे करू नका, कितीही देखणे दिसले तरी.

१९६०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या सदर्न रेल्वेने ‘बिग जॉन’ हे ॲल्युमिनियमचे मोठे हॉपर आणले आणि धान्याच्या वाहतुकीचे दर सुमारे ६० टक्क्यांनी उतरवले. नदीतून धान्य नेणारे बार्जवाले हादरले, भांडण थेट सर्वोच्च न्यायालयात गेलं. त्याच सुमारास एसीएफ या डबे बनवणाऱ्या दुसऱ्या कंपनीचा ‘सेंटर फ्लो’ हॉपर आला. डब्याच्या पोटातून आरपार जाणारा मधला तुळईसारखा सांगाडा त्यांनी काढूनच टाकला. भार पेलते ती बाजूची गोलसर भिंत. मध्ये आडवं काही नाही, माल सरळ खाली.

धान्याच्या हॉपरला गोल झाकणांऐवजी छपराच्या मधोमध लांबच लांब फट आली. गाडी सरकवत, धार न थांबवता भरता येते.

आता छपरावरची ही जाळीची पायवाट. १९६६पासून नव्या बॉक्सकारच्या छपरावरून ती हद्दपार झाली. हॉपरवर राहिली, कारण झाकणं उघडायला माणसाला वर चढावंच लागतं. किटमधली प्लास्टिकची पट्टी फार जाड असते. मी ती काढतो आणि पितळी जाळी बसवतो. खालचं छप्पर आरपार दिसलं पाहिजे.