पुल रिक्वेस्टमध्ये जुन्या कमिट का येतात?

नमस्कार मंडळी. मागच्या व्हिडिओखाली एकच प्रश्न सारखा येतोय: "ताई, मी एक ओळ बदलली, पण पुल रिक्वेस्टमध्ये माझ्या आधीच्या कमिटपण दिसतायत." पुल रिक्वेस्ट म्हणजे "माझे बदल मूळ प्रकल्पात घ्या" अशी विनंती, आणि कमिट म्हणजे गिट या कोडच्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात साठवलेला बदल. फोर्क (प्रकल्पाची आपली ऑनलाइन प्रत), क्लोन, कमिट, पुश (बदल फोर्कवर पाठवणं) तुम्हाला येतं, ते सोडून देते. अडचण एकच आहे, तुम्ही थेट मेनवर, म्हणजे मुख्य ब्रँचवर, काम करताय. ब्रँच म्हणजे कामाची एक फांदी.

पुल रिक्वेस्ट ब्रँचची असते. ती उघडी असेपर्यंत त्या ब्रँचवर जे पुश कराल ते तिच्यात आपोआप जातं. दादरच्या एका मीटअपला एक मुलगी भेटली. तिनं एका अ‍ॅपचं मराठी भाषांतर पाठवलेलं, फार मन लावून केलेलं. नंतर त्याच मेनवर एका बटणाची दुरुस्तीही पुश केली. मेंटेनरला, म्हणजे प्रकल्प सांभाळणाऱ्याला, भाषांतर हवं होतं, बटणाचा बदल नको होता. सगळंच अडकलं. इतकं चांगलं काम पडून राहतं, याचं मला खरंच वाईट वाटतं.

बरं, रिक्वेस्ट स्वीकारली गेली असं धरा. बरेच प्रकल्प स्क्वॉश करून, म्हणजे सगळ्या कमिट एकत्र करून, मर्ज करतात, म्हणजे आपल्या मेनमध्ये मिसळतात. तुमच्या पाच कमिटची तिकडे एकच नवी कमिट होते, तिचा हॅश, म्हणजे ओळखचिन्ह, वेगळा. तुमच्या मेनवर जुन्या पाच तशाच. पुढच्या रिक्वेस्टमध्ये त्याच पुन्हा वर येतात!

"एका ओळीसाठी ब्रँच कशाला?" असं विरार लोकलमधून एका दादानं लिहिलंय. दादा, गिटमधली ब्रँच म्हणजे एका कमिटकडे बोट दाखवणारी चिमुकली नोंद. २००५ मध्ये लिनस टॉरवाल्ड्स यांनी लिनक्स कर्नलसाठी गिट लिहिलं, तेव्हा असंख्य लोकांचं काम समांतर चालावं हा एक मोठा हेतू होता. एका ओळीसाठीही करा.

म्हणजे दर वेळी आधी गिट फेच अपस्ट्रीम, मूळ प्रकल्पातलं ताजं काम आणायला; अपस्ट्रीम म्हणजे तो मूळ प्रकल्प. मग गिट स्विच, डॅश सी, ब्रँचचं नाव, अपस्ट्रीम स्लॅश मेन. फांदी अपस्ट्रीमच्या मेनवरून काढायची, स्वतःच्या मेनवरून नाही. पुश मात्र ओरिजिनला, म्हणजे आपल्या फोर्कला.

आणि ज्यांचं मेन आधीच बिघडलंय त्यांनी घाबरू नका. कामाची एक ब्रँच काढून ठेवा, मेनवरून उघडलेली रिक्वेस्ट असेल तर ती त्या ब्रँचवरून नव्यानं काढा. मगच मेनवर येऊन, ते अपस्ट्रीमसारखं करायला, गिट रीसेट हार्ड, अपस्ट्रीम स्लॅश मेन. कमिट न केलेले बदल यात पुसले जातात, म्हणून आधी गिट स्टेटस बघा. शेवटी आपल्या फोर्कला पुश, फोर्स विथ लीज लावून; यानं फोर्कवरचं जुनं मेन बदलतं, पण तिथं आपल्याला माहीत नसलेलं काही आलं असेल तर पुश थांबतो.