छातीची शस्त्रक्रिया, हाताला इजा

(दृश्य: ऑपरेशन टेबल, दोन्ही बाजूंना आर्मबोर्ड, म्हणजे हात ठेवायच्या फळ्या)

स्तन पुनर्रचना पार पडली, भूल उतरली, आणि रुग्णाला दंड उचलता येत नाही. बोटांना मुंग्या येतात. हे क्वचित घडतं. घडतं तेव्हा ती विचारते, हाताला तर कुणी हातही लावला नव्हता, मग?

लावला होता. भूल दिल्यावर हात आर्मबोर्डवर ठेवला, तेव्हा.

(आकृती: मानेपासून काखेपर्यंत)

हाताच्या नसांचा (मज्जातंतूंचा) जुडगा, ब्रेकियल प्लेक्सस, मानेतून निघतो आणि कॉलरबोनखालून काखेत उतरतो. हात शरीरापासून ९० अंशांपलीकडे नेला, की हा जुडगा दंडाच्या हाडाच्या डोक्यावर ताणला जातो. मान विरुद्ध बाजूला वळलेली असेल, तर आणखी. जागं माणूस अवघडलेला हात आपोआप हलवतं. भुलीत स्नायू सैल असतात, दुखणं कळत नाही, आणि पोटावरून घेतलेला फ्लॅप (त्वचा-चरबीचा तुकडा) सूक्ष्मदर्शकाखाली छातीवर जोडायला कित्येक तास लागतात. तेवढ्या वेळात ताणलेल्या नसेचा रक्तपुरवठा मंदावतो.

इंप्लांटच्या शस्त्रक्रियेत धोक्याची वेळ वेगळी. दोन्ही बाजू सारख्या दिसतात का, हे बघायला टेबल उभारून रुग्णाला बसतं करतात. हात सैल बांधलेले असले तर घसरून लोंबतात. करकचून बांधले तर पट्टाच नसेवर दाबतो. म्हणून कोपराखाली मऊ पॅड, तळहात वर, मान सरळ, आणि टेबल हललं की दर वेळी पुन्हा तपासणी. स्तनासाठी पाठीचा स्नायू घेताना रुग्ण कुशीवर असते. तिथे आधाराची गुंडाळी काखेत नव्हे, काखेच्या खाली बरगड्यांशी हवी.

छातीची त्वचा बधिर होणं हा वेगळा विषय. ते अपेक्षितच असतं. हाताची ताकद गेली, तर मात्र त्याच दिवशी सांगावं. आधी रक्ताची गाठ किंवा घट्ट पट्टी नस दाबत नाही ना, हे पाहतात. ईएमजी, म्हणजे स्नायूंतल्या विद्युत हालचालीची तपासणी, साधारण तीन आठवड्यांनी करतात, कारण तुटलेल्या तंतूंच्या खुणा स्नायूत उमटायला तेवढा वेळ जातो.

नुसतं आवरण दुखावलं असेल, तर नस बहुधा काही आठवड्यांत सावरते. आतला तंतू तुटला असेल, तर तो दिवसाला सुमारे १ मिलिमीटर वाढतो. काखेपासून तळहातापर्यंत पोहोचायला वर्षाहून अधिक. तोवर फिजिओथेरपीने सांधे आखडू द्यायचे नाहीत. तीन महिन्यांतही हालचाल परतली नाही, तर नसांच्या शल्यचिकित्सकाला गाठावं. नसेविना पडून राहिलेला स्नायू साधारण दीड वर्षानंतर नस पोहोचली तरी फारसा काम करत नाही.