गुजरातच्या हातात आज काय आहे?

बडोद्यात लग्नाच्या कायद्यावर बोलायचं तर सुरुवात दिल्लीपासून करायचं कारण नाही. सयाजीरावांच्या राज्यात बालविवाहाला बंदी घालणारा कायदा 1904 साली झाला. ब्रिटिश हिंदुस्थानात शारदा कायद्याला 1929 उजाडलं. हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा इथे 1931 साली आला, आणि देशभराचा हिंदू विवाह कायदा 1955 चा. दोन्ही वेळा एक संस्थान चोवीस-पंचवीस वर्षं आधी चाललं. समलिंगी जोडप्यांच्या हक्कांबद्दल मी तेच विचारतो आहे: दिल्लीची वाट न बघता राज्य काय करू शकतं?

6 सप्टेंबर 2018 ला सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी संबंधांवरचा गुन्ह्याचा शिक्का पुसला. 17 ऑक्टोबर 2023 ला मात्र लग्नाला मान्यता दिली नाही, तो निर्णय विधिमंडळांवर सोपवला. आता विवाह आणि वारसा हे विषय समवर्ती सूचीत आहेत, म्हणजे राज्यालाही कायदा करता येतो. केंद्रीय कायद्याशी तो विसंगत असेल तर राष्ट्रपतींची संमती लागते. उत्तराखंडने समान नागरी संहिता आणली, सहजीवनाची नोंदणी सक्तीची केली, पण व्याख्या केली ती फक्त स्त्री-पुरुषाची. गुजरातनेही फेब्रुवारी 2025 मध्ये संहितेसाठी समिती नेमली, म्हणून ती व्याख्या आपल्या आमदारासमोर ठेवा आणि विचारा, दोन बायकांनी वीस वर्षं चालवलेलं घर यात कुठे बसतं?

पोलीस खातं तर पूर्णपणे राज्याचं. इथे नेमकं बिघडतं कुठे? सज्ञान मुलगी मैत्रिणीकडे राहायला जाते, घरचे हरवल्याची तक्रार देतात, पोलीस तिला शोधतात आणि ठाण्यात बसलेल्या आईवडिलांच्या हवाली करतात. जबाब झालाच तर त्यांच्यादेखत. तिच्या तोंडून खरं कसं निघणार? सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2024 मध्ये अशा हेबियस कॉर्पस (अडकवून ठेवलेल्या माणसाला कोर्टापुढे आणा, अशी मागणी करणाऱ्या) प्रकरणांसाठी उच्च न्यायालयांना सांगितलं, की तिच्याशी एकांतात बोला आणि समुपदेशनाच्या नावाखाली तिचा कल बदलायला जाऊ नका. पण हे झालं कोर्टात पोचलेल्या मुलीचं. ठाण्यातच थांबवायचं असेल तर तमिळनाडूकडे बघा. मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशांनंतर 2022 साली त्या सरकारने पोलिसांच्या वर्तणूक नियमांतच असा छळ करायला मनाई घातली. त्याला नवा विवाह कायदा लागला नाही. गुजरातच्या गृहखात्यालाही हे करता येईल. माझ्या मते पहिली मागणी हीच हवी, कारण इथे जिवाशी गाठ असते.

रेशनचंही तसंच. समलिंगी जोडीदारांना एकाच कुटुंबातले धरा, असं केंद्राने 2024 मध्ये राज्यांना कळवलं आहे. मामलतदार कचेरीत अडलं तर ते पत्र पुढे करा.

कायदा होईपर्यंत कागद मात्र आपणच करायचे. अविवाहित हिंदू पुरुष मृत्युपत्र न करता गेला तर पहिला हक्क आईचा. जोडीदाराचा कुठेच नाही. तलाटी पेढीनामा, म्हणजे वारसांची वंशावळ, करतो त्यात त्याचं नाव येत नाही, मग घर दोघांच्या पैशांनी घेतलेलं असलं तरी दस्तात एकट्याचं नाव असेल तर उरलेला रस्त्यावर येतो. बँकेत नॉमिनी लावलं म्हणून निश्चिंत होऊ नका. नॉमिनी रक्कम उचलतो, पण वारस ती त्याच्याकडून मागू शकतात. पीएफचा नियम आणखी कडक: आईवडील तुमच्यावर अवलंबून असतील तर जोडीदाराच्या नावाचं नॉमिनेशन मुळातच रद्द ठरतं. मानसिक उपचारांसाठी मात्र 2017 च्या कायद्याने मोकळीक दिली आहे. साध्या कागदावर सही करून कुणाही सज्ञान माणसाला आपला प्रतिनिधी नेमता येतो.

मृत्युपत्रालाही साधा कागद चालतो, स्टॅम्प लागत नाही. नोंदणी सक्तीची नाही, तरी करून घ्या. दोन साक्षीदारांनी तुमच्यादेखत सह्या करायच्या. ज्याला मिळणार आहे त्याला साक्षीदार करू नका; एक डॉक्टर असला तर उत्तम, कारण 'शुद्धीत नव्हता' हा आक्षेप हमखास येतो. आणि दोघंही तुमच्याहून वयाने लहान, बडोद्यातच राहणारे निवडा. भावाने दावा लावला तर त्यांच्यापैकी किमान एकाला कोर्टात येऊन सही ओळखावी लागते.