रामापिथेकसचं काय झालं?

अध्यक्ष महोदय आणि मंडळी,

पत्रिकेवर विषय छापलाय ‘मानवाचा उगम : हाडांची साक्ष आणि रेणूंची साक्ष’. तो मी घेणार आहेच. पण त्याआधी मला रामापिथेकस नावाच्या जीवाश्माच्या एका जबड्याबद्दल बोलायचंय. घरी हा विषय काढला की माणसं एकेक करून स्वयंपाकघरात जातात. तुम्ही आपणहून येऊन बसलायत, तेव्हा संधी सोडत नाही. (हशा)

ही प्लास्टरची प्रतिकृती पहिल्या रांगेपासून मागे सरकवत न्या. जेमतेम बोटाच्या दोन पेरांएवढी आहे. वरच्या जबड्याची उजवी बाजू. दोन उपदाढा, दोन दाढा. पुढे सुळ्याची खोबण दिसेल, सुळा नाही. आता आतली कड बघा. तिथून पुढे टाळूचा मध्य यायला हवा होता, पण हाड त्याच्या अलीकडेच तुटलंय. त्या कडेवरून जरा बोट फिरवा. सगळं भांडण तिथलं आहे.

1932 साली येल विद्यापीठातला जी. एडवर्ड लुईस नावाचा विद्यार्थी शिवालिकच्या टेकड्यांत हिंडत होता. हिमालय झिजून नद्यांनी जो गाळ आणून टाकला, त्याच्या या टेकड्या. आजच्या हिमाचलातल्या बिलासपूर जिल्ह्यात हरितल्यांगर म्हणून गाव आहे, तिथे त्याला हा तुकडा मिळाला. त्या काळी देवादिकांची नावं जीवाश्मांना सढळ हातानं वाटली जात. भूशास्त्रज्ञ गाय पिलग्रिमनं 1910 मध्येच एकाचं बारसं शिवापिथेकस असं केलं होतं. लुईसनं 1934 मध्ये रामापिथेकस, ब्रामापिथेकस आणि सुग्रीवापिथेकस असे तिघे एकदम आणले; आपला हा तुकडा त्यातला रामापिथेकस. तिसऱ्या नावाला तरी कुणाची हरकत नसावी. (हशा)

लुईसला हा तुकडा माणसाच्या बराच जवळचा वाटला. अलेश हर्डलिच्का हे मानववंशशास्त्रातलं तेव्हाचं मोठं वजनदार नाव. त्यांनी 1935 मध्ये पोराला झोडपून काढलं आणि प्रकरण थंडावलं. तुकडा येलच्या पीबडी संग्रहालयात पडून राहिला. 1961 मध्ये एल्विन सायमन्स या जीवाश्मतज्ज्ञानं तो पुन्हा पुढे आणला. म्हणाला, तोंड आखूड आहे, सुळ्याची खोबण लहान आहे आणि दातांची रांग मागे फाकत गेलीय, माणसासारखी. पुढे डेव्हिड पिलबीम त्याला येऊन मिळाला. केनियातल्या फोर्ट टर्नानचा जबडा लुई लीकीनं 1962 मध्ये जाहीर केला होता, सुमारे 1 कोटी 40 लाख वर्षांपूर्वीचा. तोही सायमन्सनं याच खात्यात जमा केला. झालं, माणसाच्या घराण्याचा मूळ पुरुष ठरला!

आणि मग काय काय झालं ऐका. सुळे लहान, म्हणजे हत्यारं हाती आली असणार. हत्यारं हाती आली, म्हणजे हात मोकळे असणार. हात मोकळे, म्हणजे गडी दोन पायांवर चालत असणार. अहो, पायाचं एक हाड नव्हतं! मांडीचं नाही, टाचेचं नाही, काही नाही. पण चित्रकारांनी त्याला ताठ उभा केला.

आता ती माणसासारखी कमान आली कुठून? आपल्याकडे तुकडा उजवा. डावा हवा असेल तर याचंच उलटं प्रतिबिंब समोर ठेवायचं. इथवर ठीक. पण किती अंतरावर ठेवायचं, किती तिरकं ठेवायचं? ते टाळूच्या मध्यरेषेवरून ठरतं, आणि मध्यरेषा तर गेलेली. बांगडीच्या तुकड्यावरून अख्खी बांगडी काढता येते, कारण बांगडी गोल असते हे आपल्याला आधीच ठाऊक असतं. इथे जबड्याचा आकार कसा, हाच तर प्रश्न होता. तुकडा जरा फिरवला की माणूस, जरा सरळ केला की कपि, म्हणजे चिंपांझी-गोरिलासारखा बिनशेपटीचा वानर. 1973 मध्ये ॲलन वॉकर आणि पीटर अँड्र्यूज यांनी फोर्ट टर्नानचे तुकडे नव्यानं जुळवले. त्यातला खालच्या जबड्याचा एक तुकडा मध्यरेषेपर्यंत पोचत होता. त्यामुळे अंदाजाला फारशी जागा उरली नाही. रांग निघाली इंग्रजी व्ही अक्षरासारखी. माणसाची कमान नव्हेच.

लोक मला पिल्टडाऊनबद्दल विचारतात. 1912 ची ती बनावट कवटी, 1953 मध्ये उघडी पडली. मला त्यात रस नाही. चोर होता, पकडला, संपलं. रामापिथेकसमध्ये कुणीच लबाडी केली नव्हती. सगळी हुशार, प्रामाणिक माणसं होती, आणि तरीही नसलेला अर्धा जबडा त्यांना स्वच्छ दिसत होता. म्हणून माझं जुनं टुमणं असं, की आदिमानवाचं चित्र छापाल तिथे सापडलेलं हाड भरीव रेषेत काढा आणि बाकीचं तुटक रेषेत. पोरांना कळू द्या, किती सापडलं आणि किती भरलं.

आता पोरांचा विषय निघालाच आहे तर सांगतो. माझ्या पुतणीची मुलगी स्पर्धा परीक्षेला बसतेय. तिच्या गाइडात प्रश्न : माणसाचा आद्य पूर्वज कोण? उत्तर : रामापिथेकस. मी तिला ही सगळी कथा ऐकवली, अगदी आत्ता सांगितली तशी. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “आजोबा, मग पेपरात खरं लिहू की बरोबर लिहू?” (हशा) मी म्हटलं, “बाई गं, बरोबर लिही. नोकरी लागली की खरं बोल.” पण मला काही चैन पडेना. प्रकाशकाला सविस्तर पत्र लिहिलं, सोबत आकृत्या काढल्या, तुटक रेषांसकट. उत्तर आलं, ‘आपल्या सूचनेचा पुढील आवृत्तीत अवश्य विचार करू.’ आणि विचार केला हो त्यांनी! पुढच्या आवृत्तीत ‘रामपिथेकस’चं ‘रामापिथेकस’ झालं. (मोठा हशा) ‘म’ला काना दिला नव्हता तो दिला, पूर्वज होता तिथेच ठेवला. शुद्धलेखनावर एवढं प्रेम असलेला समाज दुसरा नसेल.

ही चिठ्ठी आली बघा. दहा मिनिटं. आणि पत्रिकेवरचा विषय अजून सुरूच व्हायचाय! बरं, भराभर घेतो.

रेणूंची साक्ष. 1967, अमेरिकेतलं बर्कली विद्यापीठ. व्हिन्सेंट सॅरिच आणि ॲलन विल्सन. माणसाच्या रक्तातलं अल्ब्युमिन नावाचं प्रथिन सशाला टोचायचं, सशाच्या अंगात त्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार होतात. ती चिंपांझीच्या अल्ब्युमिनवर किती जोरानं काम करतात ते मोजायचं. जितकं जोरात, तितकं नातं जवळचं. माकडं आणि कपि 3 कोटी वर्षांपूर्वी वेगळे झाले असं धरून त्यांनी हिशोब मांडला. माणूस आणि आफ्रिकेतले कपि वेगळे होऊन उणीपुरी 50 लाख वर्षं झाली, असं उत्तर आलं. मग 1 कोटी 40 लाख वर्षांपूर्वीचा माणसाचा पूर्वज कसा असेल? हाडवाल्यांनी त्यांना वेड्यात काढलं. सॅरिचही काही नरम गडी नव्हता. त्यानं उलट ठणकावलं की 80 लाख वर्षांपेक्षा जुनं हाड दिसायला कसंही असो, ते माणसाच्या शाखेतलं नाही.

हाडांची साक्ष. पाकिस्तानातल्या पोटवार पठारावर पिलबीमच्याच चमूला शिवापिथेकसचा चेहरा मिळाला, 1982 मध्ये प्रसिद्ध झाला. सुमारे 80 लाख वर्षांपूर्वीचा. उभट डोळ्यांच्या खोबणी, एकमेकींना चिकटलेल्या, मधे आत गेलेला चेहरा. थेट ओरांगउटान, आशियातला कपि! आणि रामापिथेकस? तो शिवापिथेकसच निघाला, लहान चणीचा, म्हणजे बहुधा मादी. मूळ पुरुष म्हणून मिरवला, तो पुरुषही नव्हता. (हशा) पिलबीमनं आपलं मत जाहीरपणे बदललं, हे मला या सगळ्यात मोठं वाटतं. पुढे शिवापिथेकसच्या दंडाची हाडं ओरांगउटानशी जुळेनात, तेव्हा ते नातं नेमकं किती जवळचं यावर वाद आहेच.

माणसाची शाखा फुटली आफ्रिकेत. डार्विननं 1871 मध्येच तसा अंदाज केला होता. आज आपण साधारण 60 ते 70 लाख वर्षं धरतो. म्हणजे सॅरिचचा आकडा थोडा ताणला, पण बाजू त्याचीच खरी ठरली. शिवालिकमधले कपि सुमारे 80 लाख वर्षांपूर्वी संपत गेले. हवा कोरडी झाली, जंगल हटलं, गवत पसरलं.

महाराष्ट्राचं काय, असं कुणीतरी विचारणार, म्हणून आधीच सांगतो. सह्याद्रीचा काळा कातळ साडेसहा कोटी वर्षांचा लाव्हा आहे, त्यात पूर्वज शोधू नका. आपल्याकडे मिळतात ती दगडी हत्यारं, प्रवरेकाठी नेवाशाला मिळाली तशी. ती करणाऱ्याचं हाड मात्र नाही. त्यासाठी नर्मदेवर हथनोऱ्याला जावं लागतं. 1982 मध्ये अरुण सोनाकियांना तिथे कवटीचा वरचा भाग मिळाला. चेहरा नाही, जबडा नाही. पण तिचीही पूर्ण चेहऱ्याची चित्रं निघालीच!

घंटा वाजली. 2020 मध्ये जम्मूतल्या रामनगरच्या एका जीवाश्माला ‘कपि रामनगरेन्सिस’ नाव मिळालं, सुमारे 1 कोटी 30 लाख वर्षांपूर्वीचा, गिबनच्या घराण्यातला. हाती काय आहे? खालची एक दाढ. दाढ पूर्ण आहे, एवढं मी मान्य करतो. बाकीचं चहाच्या वेळी बोलू. आणि ती प्रतिकृती शेवटच्या रांगेत ज्यांच्याकडे असेल, त्यांनी कृपया व्यासपीठावर आणून द्यावी.