दुधातले शेवटचे पाणी

मित्रहो, वाळवणाच्या यंत्राविषयी बोलू लागले की पहिला प्रश्न येतो तो ते किती तापते याचा. दूध पावडरीच्या कारखान्यातील स्प्रे ड्रायरपुरते, म्हणजे दुधाचे तुषार गरम हवेत सुकवणाऱ्या यंत्रापुरते बोलायचे तर मला त्याआधीचा प्रश्न महत्त्वाचा वाटतो, तो म्हणजे त्याच्याकडे पाणी किती पाठवले जाते. ड्रायरच्या वाट्याला जितके कमी पाणी येईल तितका तो कारखाना शहाणा, असे माझे मत आहे.

हिशेब करून पाहू. साय काढलेल्या १०० किलो दुधात साधारण ९ किलो घन पदार्थ असतात. त्याची ४ टक्के ओलाव्याची पावडर केली तर हाती साडेनऊ किलोंच्या आत माल येतो, म्हणजे ९० किलोंहून थोडे अधिक पाणी घालवावे लागते. त्यातील सुमारे ८१ किलो पाणी ड्रायरच्या आधी, दूध उकळून आटवणाऱ्या इव्हॅपोरेटरमध्येच निघून जाते. तिथे निर्वातामुळे दूध ७० अंश सेल्सिअसच्या आसपास किंवा त्याखाली उकळते आणि एका टप्प्यात निघालेली वाफ पुढच्या टप्प्यातील दूध तापवायला कामी येते. त्यामुळे पाच टप्प्यांच्या संचात एक किलो पाणी घालवायला पाव किलोहून कमी वाफ पुरते. ड्रायरसाठी उरते ते जेमतेम साडेनऊ किलो पाणी, पण तिथे किलोमागे सुमारे दोन किलो वाफ जाळावी लागते. एकूण पाण्याचा एक दशांश भाग काढायला निम्मी उष्णता खर्ची पडते, ती अशी.

मग हा दशांशही इव्हॅपोरेटरमध्येच का काढू नये? कारण घन पदार्थांचे प्रमाण ५० टक्क्यांच्या जवळ गेले की दूध घट्ट होते आणि नळ्यांच्या आतल्या भिंतींना धरू लागते. त्याहून वाईट म्हणजे घट्ट दुधाचे बारीक थेंब पडत नाहीत आणि मोठ्या थेंबाची पावडर नीट विरघळत नाही. पूर्वी तापलेल्या फिरत्या रुळांवर दुधाचा पातळ थर देऊन तो पात्याने खरवडून काढत; त्या पावडरीला करपट चव येई आणि ती पाण्यात पुरती मिसळत नसे. द्रव पदार्थाचे तुषार करून ते वाळवण्याचे पेटंट अमेरिकेत सॅम्युएल पर्सी यांनी १८७२ मध्येच घेतले होते. म्हशीच्या दुधाची अशी पावडर होणार नाही, हे परदेशी तज्ज्ञांचे मत मात्र गुजरातमधील आणंदच्या दूध संघाचे (अमूलचे) तंत्रज्ञ हरिचंद दलाया यांनी खोटे ठरवले आणि १९५५ मध्ये तिथला कारखाना उभा राहिला. आपल्याकडच्या दूध संघांना पुष्टकाळातले, म्हणजे भरपूर दुधाच्या हंगामातले जादा दूध पावडरीत घालता येते, त्याच्या मुळाशी हे काम आहे.

ड्रायरच्या चेंबरमध्ये शिरणारी हवा १८० ते २०० अंशांची असते. इतक्या उष्णतेत दूध करपत कसे नाही? मिनिटाला हजारो फेरे घेणाऱ्या चकतीवरून किंवा उच्च दाबाच्या नोझलमधून सुटलेला थेंब मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास असतो, त्यामुळे त्याच्या आकारमानाच्या मानाने त्याचा पृष्ठभाग फार मोठा असतो. पृष्ठभाग ओला आहे तोवर आलेली उष्णता पाण्याची वाफ करण्यातच संपते आणि माठातले पाणी जसे गार राहते तसा तो थेंब ४५-५० अंशांच्या आसपासच राहतो. पृष्ठभाग सुकून त्यावर कवच धरले की सगळे बदलते. आता आतले पाणी त्या कवचातून सावकाश झिरपत बाहेर यावे लागते, बाष्पीभवन मंदावते आणि कणाचे तापमान चढू लागते. नासण्याचा धोका असतो तो इथे. म्हणून समजदार कारखाने पावडर चेंबरमध्येच पुरती सुकवत नाहीत. ती ६-७ टक्के ओलाव्यावर बाहेर काढतात आणि खालून हवा फुंकणाऱ्या, थरथरणाऱ्या फ्लुइड बेडवर काही मिनिटे ठेवून उरलेला ओलावा काढतात. जे काम चेंबरमध्ये काही सेकंदांत उरकायला जास्त ताप द्यावा लागला असता, ते इथे वेळ देऊन कमी तापात होते.

चालकाची नजर असते ती बाहेर पडणाऱ्या हवेच्या, म्हणजे आउटलेटच्या आकड्यावर. हा आकडा तो दुधाचा पंप कमी-जास्त करून सांभाळतो: आउटलेट पडले की दूध कमी करायचे, चढले की वाढवायचे. सुरुवातीला तो पाणीच फवारतो, आकडा स्थिर झाल्यावर मगच दूध सोडतो, आणि बंद करतानाही पुन्हा पाण्यावर येतो. आउटलेट फार उतरले तर दुधातली साखर चिकट होते, पावडर भिंतीला धरते आणि हवेच्या दाबावर चालणारे हातोडे बाहेरून कितीही ठोकले तरी ती सुटत नाही. चकतीजवळ साचलेला असा थर करपला की त्याचे तुकडे मालात उतरतात. प्रयोगशाळेत पावडर पाण्यात विरघळवून गाळणीच्या पांढऱ्या चकतीतून गाळली की तपकिरी ठिपके दिसतात ते हेच. धुमसणारा गोळा खाली पडून हवेतील बारीक पावडरीचा स्फोट होऊ शकतो, म्हणून चेंबरला दाब मोकळा करणारी झडप-दारे असतात. त्यांकडे दुर्लक्ष करणे म्हणजे शुद्ध बेजबाबदारपणा होय.

३० अंशांची बाहेरची हवा १९० पर्यंत तापवली आणि ८५ वर सोडून दिली, तर दिलेल्या उष्णतेचा तिसरा हिस्सा चिमणीतून गेला. पावसाळ्यात हे गणित आणखी बिघडते. हिवाळ्यातल्या कोरड्या दिवशी किलोभर हवेत ७-८ ग्रॅम बाष्प असते, तर जुलैच्या दमट हवेत ते १८-२० ग्रॅमपर्यंत जाते. हवाच अर्धी तृप्त असली की तोच ओलावा साधायला आउटलेट काही अंश वर ठेवावे लागते, म्हणजे दूध कमी सोडावे लागते आणि ताशी उत्पादन घटते. फ्लुइड बेडच्या शेवटच्या भागात पावडर गार करणारी हवा तर या दिवसांत आधी थंड करून तिच्यातले बाष्प काढूनच वापरावी लागते. नाहीतर सुकलेला माल पोत्यात भरण्याआधीच पुन्हा ओलावा ओढून घेतो आणि त्याचे खडे होतात.