तिथीची पाऊणपट

(अलिबागच्या व्याख्यानमालेतील भाषण. विषय होता ‘बंदरावरचा गस्त अधिकारी : काम आणि पात्रता’. बोलण्याचा बाज ठेवून शब्दांकन केले आहे.)

नमस्कार मंडळी. सुरुवातीलाच एक प्रश्न विचारतो. आत्ता बाहेर भरती आहे की सुकती, म्हणजे ओहोटी? हात वर करा. बघा, मागच्या दोन रांगांतले सगळे हात वर आहेत, आणि पुढच्या खुर्च्यांवरची वकील, डॉक्टर मंडळी मोबाइल काढतायत. मोबाइल ठेवा खिशात. आज तिथी कोणती? एकादशी. हे मात्र सगळ्यांना ठाऊक, कारण घरी साबुदाणा भिजलाय! अकराची पाऊणपट किती? सव्वाआठ. म्हणजे साधारण सव्वाआठला पूर्ण भरती. आता सात वाजतायत, पाणी चढतंय. पंधरा-वीस मिनिटं इकडे-तिकडे होतील, पण या हिशेबावर आपल्या किनाऱ्यानं पिढ्यान्‌पिढ्या होड्या घातल्यात.

हा हिशेब मी पोलीस खात्यात शिकलो नाही. मी मूळचा लातूरकडचा. सागरी पोलीस ठाण्यात उपनिरीक्षक म्हणून रुजू झालो तोवर समुद्र मी दोनदा पाहिला होता, दोन्ही वेळा सहलीत. मला शिकवलं ते आमच्या बोटीचं सुकाणू धरणाऱ्या तांडेलानं. त्यांच्याबद्दल बोलायचं म्हणूनच हे निमंत्रण मी घेतलं. विषयाकडे येतोच, पण आधी ती रात्र सांगू द्या.

नवरात्र नुकतं संपलं होतं. खाडीच्या तोंडाशी दिवे न लावता एक बोट उभी आहे, डिझेलची चोरटी उतरवणी चालली आहे, अशी खबर आली. आम्ही पाच जण निघालो. तोंडाशी पोचलो तेव्हा आत, बऱ्याच लांब, काहीतरी हललं. मी म्हटलं, घ्या आत. तांडेल म्हणाले, “सायेब, पानी सुकतीला लागलं. आता आत नको.” त्यांनी हात पाण्याकडे केला. मासेमारीच्या डोलीच्या जाळ्याला रोवलेल्या खुंटांवर ओला पट्टा दिसत होता, वीतभर. पाणी किती उतरलं ते त्या पट्ट्यावर लिहिलेलं होतं. मला तो दिसला, पण वाचता आला नाही. वायरलेसवर विचारलं, तिकडून वरिष्ठांचा हुकूम आला, पाठलाग करा. मी तोच हुकूम पुढे दिला.

पाव तासात बोटीचा तळ गाळाला लागला. तांडेलांनी पहिलं काम केलं ते इंजिन बंद करण्याचं. इंजिन थंड ठेवायला बोट बाहेरचं पाणी ओढते. गाळात ती चिखल ओढते आणि इंजिन बसतं. मग नांगर टाकला, आम्हाला सगळ्यांना एका बाजूला बसवलं, म्हणजे बोट कलंडली तरी वरच्या उताराकडे कलंडेल आणि भरती आली की पाणी आत न शिरता बोट उचलली जाईल. हे त्यांनी आवाज न चढवता केलं. पुढच्या भरतीचं पाणी चढेपर्यंत आम्ही तिथे तिरपे बसून होतो. संशयित बोट केव्हाच निघून गेली होती.

खरी गोष्ट पुढे आहे. पहाटे दोनच्या सुमारास व्हीएचएफच्या, म्हणजे बोटीवरच्या रेडिओच्या, सोळा नंबरवर हाक आली. संकटाची हाक त्याच चॅनेलवर येते, आणि ती ऐकत राहणं हे आमचं कामच. बाहेर एका मासेमारी बोटीत पाणी शिरत होतं. आम्ही सगळ्यात जवळ, आणि आम्ही गाळात. मी उत्तर दिलं, आमची जागा सांगितली, आणि येता येत नाही हे सांगितलं. ते वाक्य उच्चारताना माझा घसा कोरडा पडला होता, तो अजून आठवतो. त्या चार माणसांना शेजारच्या दुसऱ्या मच्छीमारांनी उचललं. सगळे वाचले.

बोटीच्या तळाचं नुकसान झालं, चौकशी झाली. अहवालात लिहून आलं : चालकाच्या निष्काळजीपणामुळे. मी लेखी दिलं की चालकानं स्पष्ट नको म्हटलं होतं, आदेश माझा होता. माझा कागद फाइलला लागला आणि तिथेच राहिला. मला समज मिळाली. तांडेल कंत्राटावर होते, त्यांचं कंत्राट पुढे वाढलं नाही. चाळीस वर्षं या पाण्यात घालवलेला माणूस घरी गेला आणि पाण्याचा पट्टा न वाचता येणारा अधिकारी नोकरीत राहिला. मंडळी, हे मला आजही मान्य नाही. ज्यानं नाही म्हटलं, त्याच्या नाहीला नियमात जागाच नव्हती.

आता तुम्ही म्हणाल, जुनी गोष्ट. तर आणखी जुन्याकडे जाऊ, तुमच्याच गावाकडे. 1679 साली महाराजांनी खांदेरी बेटावर बांधकाम काढलं तेव्हा इंग्रजांची मोठी जहाजं बेटाभोवती उभी होती. तरी मराठ्यांच्या हलक्या होड्या रात्री रसद घेऊन बेटावर जातच राहिल्या. कुठे किती पाणी आहे, वारा कधी पडतो, हे वल्हं मारणाऱ्यांना पाठ होतं. आणि ज्यांची समाधी इथून चालत जाण्याच्या अंतरावर आहे त्या कान्होजी आंग्र्यांनी जहाजांना दस्तक, म्हणजे परवाना, घ्यायला लावलं. दस्तक नसेल तर जहाज अडवायचं. माझ्या लेखी बंदराची गस्त ती हीच. कागद तपासणारा पाहिजे, आणि कागद नसणाऱ्याला गाठता येईल असं पाणी ओळखणाराही पाहिजे. कान्होजींकडे हे दोघं एकाच होडीत असत.

आपल्याकडे ते वेगळे झाले आणि त्याची किंमत या जिल्ह्यानं पाहिली आहे. 1993 मध्ये श्रीवर्धनकडे शेखाडीला आरडीएक्स उतरलं, आणि 12 मार्चला मुंबईत स्फोट झाले. 2008 मध्ये ‘कुबेर’ ही पोरबंदरची मासेमारी बोट पळवून दहा अतिरेकी आले आणि रबरी होडीतून मुंबईत बधवार पार्कच्या कोळीवाड्यात उतरले. त्यांना पहिल्यांदा हटकलं, कोण रे तुम्ही म्हणून विचारलं, ते तिथल्या मच्छीमारांनी. अनोळखी होडी, अनोळखी माणसं, पाठीवर बोजे. हे चुकतंय असं ओळखायला त्यांना कुठलं प्रशिक्षण लागलं नाही.

संयोजक घड्याळ दाखवतायत. दहा मिनिटं? बरं, पाच. मग कामाचं आणि पात्रतेचं भराभर सांगतो.

किनाऱ्यापासून 12 सागरी मैल, म्हणजे सुमारे 22 किलोमीटर, ही सागरी पोलिसांची हद्द. त्यापलीकडे तटरक्षक दल आणि नौदल. गस्तीवरचा अधिकारी बोटीचा नोंदणी क्रमांक आणि रंग जुळवतो, खलाशांची ओळखपत्रं पाहतो, माणसं मोजतो, जीवरक्षक जॅकेटं मोजतो. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, तेव्हा मत्स्य खात्याचे परवाना अधिकारीही पाण्यात असतात. प्रवासी लाँचवर जॅकेट घाला म्हटलं की लोक हसतात, फोटो बिघडतो म्हणतात. 18 डिसेंबर 2024 ला घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’वर नौदलाची वेगातली बोट आदळली, 15 माणसं गेली. त्यानंतर तरी हसू नका. मांडव्याहून येता-जाता मी स्वतः लोकांना जॅकेट घालायला लावतो, आणि लावत राहणार.

आता पात्रता. महाराष्ट्रात पोलीस शिपाई व्हायला बारावी पास लागतं, पुरुषांना 165 सेंटिमीटर उंची, स्त्रियांना 155. मैदानी चाचणी 50 गुणांची : पुरुषांना 1600 मीटर धावणं, स्त्रियांना 800, शिवाय 100 मीटर आणि गोळाफेक. लेखी 100 गुणांची. या दीडशे गुणांत पोहण्याला एकही गुण नाही. जमिनीवरच्या ठाण्यासाठी हे ठीक आहे. पण याच परीक्षेतून आलेला शिपाई उद्या बदलीनं बोटीवर येतो. बोट चालवणाऱ्यांची पदं वेगळी आणि त्यांना प्रमाणपत्रं लागतात : सारंग, मग द्वितीय श्रेणी मास्टर, मग प्रथम श्रेणी, तिकडे इंजिन ड्रायव्हर. म्हणजे सुकाणू धरणाऱ्याला पाण्याची परीक्षा आहे आणि त्याला हुकूम देणाऱ्याला नाही.

माझं मागणं एवढंच. सागरी ठाण्यावर बदली होण्याआधी अधिकाऱ्यानं कपड्यांसकट पोहून दाखवावं. भरती-सुकती, उधाणाची मोठी भरती आणि भांगाची लहान भरती, आपल्या हद्दीतले खडक आणि गाळ यांची तोंडी परीक्षा द्यावी, आणि ती घ्यायला तिथल्याच गावचा तांडेल बसवावा. कोळीवाड्यातल्या मुलामुलींना बोटीवरच्या पदांसाठी अनुभवाचे गुण द्यावेत, कायम नोकरी द्यावी, कंत्राट नको. आणि तांडेलानं ‘आत नको’ म्हटलं तर ते नोंदवहीत वेळेसकट लिहिलं जावं. त्यावर कुरघोडी करायची असेल तर अधिकाऱ्यानं खाली सही करून करावी. ती एक सही त्या रात्री असती, तर माझ्या तांडेलांची नोकरी राहिली असती.

प्रश्न बाहेर चहाच्या वेळी घेऊ. समुद्रात काही वावगं दिसलं तर सागरी पोलिसांचा 1093 आणि तटरक्षक दलाचा 1554, दोन्ही नंबर घरी लिहून ठेवा. आणि पाहुणे मंडळींपैकी उद्या कुलाबा किल्ल्यावर, सुकतीला चालत जाता येतं त्या, कोण जाणार आहे? तुम्ही चौघं? उद्या द्वादशी, नऊची भरती, सव्वातीनच्या सुमारास पूर्ण सुकती. दोननंतर उतरा, साडेचारच्या आत वाळूवर परत या. पण पाय घालण्याआधी किनाऱ्यावर जाळं विणत बसलेल्या कोणालाही विचारा, आणि तो नको म्हणाला तर जाऊ नका.